दोन हातांच्या आत

सात दिवस उकिरड्याच्या कडेला बसलो मी
पालथ्या बुट्टीवर.
(आमच्यात बाईसुद्धा 'बसलो'च म्हणते.)
मांडीवर तक्ता, कानामागं पेन्सिल,
पुढं नागूअक्काच्या अकरा कोंबड्या
आणि धामण्याचं कापून मोकळं झालेलं भातरान.

तक्ता कानडीत छापलेला.
डॉक्टर संकनगौडरांनी कडेला
मराठीत लिहून दिलं, वेलांट्या चुकवत :
कावळा, साळुंकी, होला, बगळा, इतर.
एकच शब्द लिहावा लागला नाही,
वाचून दाखवला नुसता, दोन्हीकडं तोच :
संपर्क.
'रानपाखरू कोंबडीच्या दोन हातांच्या आत आलं
की एक खूण.
पाणी एकच प्यालं, तर दोन.'

पहिल्या दिवशी चिमण्या मोजायला गेलो
आणि नवाच्या आत पान संपलं.
चिमणी कोंबडीच्या पायातनंच दाणा उचलते.
कोंबडी मान वाकडी करून बघते,
चहापूड मागायला आलेल्या शेजारणीकडं बघावं तशी :
हं, ने.
होला लाजरा. तीन हातांवर थांबतो,
अडीचवर येतो,
पेन्सिल टेकली की उडतो.
अर्ध्या हाताचं काय करायचं
हे छापलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नागूअक्का म्हणाली,
'काय लिवूलैस गं एवढं?'
सांगितलं. कोण कुणाच्या जवळ आलं,
कुणी कुणाच्या पाण्यात तोंड घातलं, ते.
'म्हणजे शिवाशिव की,' म्हणाली
आणि पदर सारखा केला,
कोंबड्यांना उगाच हुसकलं.
मी वर बघितलं नाही.
ह्याच आडावर माझी सासू
घागर खाली ठेवून थांबायची,
कुणी ओततंय का बघत.
किती हात लांब, ते तिला मोजायला लागत नव्हतं.
थोड्या वेळानं चहा आला.
कानाचा टवका गेलेल्या कपात.
परवा त्यातनंच ती पीत होती, मी बघून ठेवलेलं.

मला पाखरांचं कौतुक शिकवू नका.
गेल्या साली मानमोडी आली तेव्हा
आठ दिवसांत गल्ली रिकामी झाली,
पोती मीच भरली, चुना मीच टाकला.
पाण्यातनं काय काय येतं ते ह्या हातांना ठाऊक आहे.

तरी पाचव्या दिवशी, पहाटे,
राजहंसगड धुक्यात बुडालेला,
पाटाच्या तोंडाशी ओंजळभर पाणी, तिथं तुरेवाली कोंबडी
आणि समोर एक बदक.
चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी तांबडं.
हळदी-कुंकू बदकच म्हणतात त्याला.
सवाशीण पाहुणी दारात यावी तसं
जरा थांबलं, मग चोच घातली.
कोंबडीनंही घातली.
पाणी हललं.
मी 'इतर'च्या रकान्यात दोन खुणा केल्या.
दुसरी जरा वाकडी आली.

डॉक्टर आले, पानं चाळली, 'जाळी मारा' म्हणाले.
मी विचारलं, 'ताप कोण कुणाला देतं, सर?'
'दोन्हीकडनं जातो.'
'मग कोंबडीमुळं बदक मेलं तर
ते कुठल्या रकान्यात लिवायचं?'
त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
बराच वेळ पुसला.
'गोत्तिल्ला,' म्हणाले.

संध्याकाळी खुराड्यात अंधार झाल्यावर
एकेकीला काखेत धरून
डोळ्यात लशीचा एकेक थेंब सोडला.
अकरा झाल्या. हाताला त्यांची ऊब राहिली.
बाहेर नागूअक्का मच्छीच्या जुन्या जाळ्याची
भोकं शिवत होती, कंदील जवळ ओढून.
चिमणी जाईल एवढं एक तसंच सोडलं तिनं,
विसरून की कसं, मला कळलं नाही.

निघताना कप विसळायला उचलला.
'र्‍हाऊ दे,' म्हणाली,
मान वर न करता.
का राहू दे, ते मी विचारलं नाही.
कप तिथंच ठेवला,
तिच्या हाताला लागेल असा.